बेटावरचा घाट आणि माझे दोन रिपोर्ट

जू काढू नको, असे मी सांगत होतो आणि गणोजी भोई काढत होता.

आम्ही पूर्णा नदीच्या उत्तर काठावर उभे होतो. समोर पाण्याच्या मधोमध नांदबेट. मागे रुईच्या गाड्यांची रांग, दर्यापूरच्या रस्त्याने नजर पोचेल तिथवर. माझ्या हातात घड्याळ होते आणि डोके तापले होते.

"गणोजी, बैल जुंपलेलेच राहू दे. गाडी तशीच नावेवर घे."

"नाई जमत, साहेब."

"का नाही जमत?"

"बेटावर जू चालत नाई."

एवढे बोलून त्याने बैलांच्या गळ्यातली जोती, म्हणजे जुवाला बांधलेले पट्टे, सोडली आणि बैलांच्या पाठीवर थाप मारली. बैल आपले आपण पाण्यात उतरले आणि पोहायला लागले. मी पुण्याकडचा. वऱ्हाडी माणसाचे असे तोंडावर तुकडा पाडणारे बोलणे मला तेव्हा उद्धट वाटे. आठ वर्षे तिकडे काढल्यावर कळले की तो उद्धटपणा नव्हे, वेळ वाचवणे आहे.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनियर साहेब आणि मजूर यांच्या मध्ये उभा राहून दोघांच्याही शिव्या खाणारा माणूस. अमरावतीहून साहेबाने मला पाठवले होते ते हा घाट ठेवायचा की हलवायचा हे ठरवायला. अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि मुंबईचे व्यापारी वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडले. पूर्वी उत्तरेकडच्या गाड्या माघापर्यंत थांबत. तोवर पूर्णेचे पाणी ओसरे, उताराचा चिखल वाळे आणि गाड्या नदीतूनच पलीकडे जात. आता माघाची वाट पाहायला कोणी तयार नव्हते. सगळ्यांना अकोला आजच गाठायचे होते, आणि त्या साली दिवाळी होऊन गेली तरी पाऊस पडतच होता.

नांदबेटाने नदीचे दोन भाग केले होते. उत्तरेला मोठी धार, दक्षिणेला धाकटी. बेटावर भोयांची चाळीसेक घरे आणि एका गोसाव्याची समाधी. हा गोसावी म्हणे एक मानेला जखम झालेला बैल घेऊन बेटावर आला आणि बैल मरेपर्यंत तिथेच राहिला. जाताना सांगून गेला की या जमिनीवर बैलाच्या मानेवर जू येता कामा नये. म्हणून शेतकरी दर सोमवारी आपले बैल घेऊन बेटावर येत, त्यांना आंघोळ घालत, पेंड चारत आणि दिवसभर मोकळे सोडत. मार्गशीर्षात जत्रा भरे. अकोल्याकडून रिद्धपूरच्या यात्रेला निघालेली मंडळीही वाटेत इथे एक मुक्काम करत. बेटावर शेती नावालाच होती. गाव जगत होते ते नावेवर आणि येणाऱ्या माणसांवर.

हा नियम गाड्यांनाही लागू होता. अलीकडे बैल सोडायचे, गाडी माणसांनी नावेवर चढवायची, बेटावर उतरवून माणसांनीच ओढत पलीकडे न्यायची, पुन्हा धाकट्या धारेच्या नावेवर चढवायची, आणि दक्षिण काठाला बैल पुन्हा जुंपायचे. बैल आपले पोहत यायचे. मी एका गाडीच्या मागोमाग चालत गेलो आणि कामे मोजली. चढवणे, उतरवणे, ओढणे धरून नऊ. वेळ सव्वा तास.

साहेबाच्या मनात चार मैल खालच्या अंगाला नवा घाट होता. तिथे बेट नाही, नदीची एकच धार. परतवाड्याच्या सागाची सपाट बुडाची मोठी नाव करायची. गाडी बैलांसकट नावेवर हाकायची, पलीकडे तशीच हाकत उतरायची. कामे तीन. वेळ माझ्या हिशेबाने पंधरा मिनिटे.

नऊ आणि तीन. सव्वा तास आणि पंधरा मिनिटे. यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. मी त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला. गावकऱ्यांच्या अडाणी समजुतीमुळे सरकारी वाहतुकीचा खोळंबा होतो, सबब घाट हलवावा. अक्षर सुरेख आले होते. रिपोर्ट डाकेने अमरावतीला गेला.

साहेब कामाला वाघ होता. सपाट नाव त्याने आधीच करायला टाकली होती. ती तयार झाल्यावर खालच्या नव्या जागी चाचणी घेण्याचा हुकूम मला आला. नाव चालवायला नदीची माहिती असलेली माणसे हवीत, म्हणून मी गणोजीलाच बोलावले. त्याच्या गावाचा घाट बंद करणारी नाव त्यानेच चालवावी, यात काही वावगे आहे हे माझ्या डोक्यातही आले नाही. तो मात्र आला. का आलास, असे मी नंतर विचारले तेव्हा म्हणाला, "तुमी बलावलं म्हनून."

गाड्या रहीमखाँ मुकादमाच्या होत्या. हा अकोल्याचा, साठ गाड्यांचा मालक, धिप्पाड आणि बोलघेवडा. त्याने पहिली गाडी स्वतः नावेवर हाकली. बैल फळ्यांवर चढले, उभे राहिले. मी घड्याळ पाहिले. सगळे माझ्या रिपोर्टाप्रमाणे चालले होते.

नाव मध्यावर गेली आणि डावा बैल बिचकला. दोन्ही बाजूंनी पाणी धावताना दिसले की जनावराला पायाखालची जमीनच सरकते आहे असे वाटते. तो मागे सरला. रुई वजनाला हलकी पण आकाराला मोठी, त्यामुळे गाडी डोक्यावर जड होती. ती कलली. डाव्या बैलाचे मागचे पाय फळीवरून सुटले आणि तो पाण्यात गेला. जू दोघांच्या मानेवर एकच. त्याने उजव्याला ओढले, जू गाडीपासून तुटले आणि दोघेही गेले; गाडी मात्र नावेवरच अडकली. डाव्याचे तोंड पाण्याखाली आणि उजवा त्याच्या अंगावर. दोन्ही बैल चांगले पोहणारे होते, पण एका लाकडाला बांधलेली जनावरे पोहणार कशी?

गणोजीने विळा घेऊन पाण्यात उडी मारली. जोते कापताना उजव्या बैलाने मान झटकली आणि जुवाचे टोक गणोजीच्या खांद्यावर बसले. हाड मोडले, त्याची किंकाळी मला काठावर ऐकू आली. तरी त्याने दुसरे जोतेही कापले. जू वाहत गेले. बैल फुरफुरत वर आले आणि सरळ काठाकडे पोहत सुटले, जणू रोजचेच काम.

रहीमखाँने नावेच्या कडेवरून वाकून गणोजीला वर ओढून घेतले. डावा बैल त्याने नुकताच घेतला होता, आणि गणोजीला तर तो लहानपणापासून ओळखत होता.

गणोजीला बेटावर नेले. त्याची सून चंद्रभागा घाटाजवळ भाकरीचे दुकान चालवी. नवरा दोन वर्षांमागे तापाने गेला होता. तेव्हापासून यात्रेकरू आणि गाडीवान यांना ती भाकर, पिठले आणि ठेचा खाऊ घाली आणि सासऱ्याला सांभाळी. तिने खांद्याला हळद आणि गूळ लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. मी चुलीपाशी बसून होतो. मला लाज वाटत होती आणि ती लपवायला काही सुचत नव्हते. म्हणून मी जे होते ते सांगून टाकले. घाट हलवावा असा रिपोर्ट मी लिहिला आहे, तो जाऊन पंधरा दिवस झाले, आणि साहेब येत्या आठवड्यात सही करायला येतो आहे.

चंद्रभागा भाकर थापायची थांबली नाही.

"मंग दुसरा लिवा," ती म्हणाली.

"सरकारी रिपोर्ट असा परत घेता येत नाही, बाई."

"कावून? तुमीच लिवला नं?"

तरी मी अडून पाहिले. म्हटले, बैलाचे झाले ते वाईटच. पण डोळ्यांना पट्टी बांधून बैल नेता येतील. वेळ तर तिकडे कमीच लागणार. तुमच्या बेटावर एका गाडीला सव्वा तास जातो.

"एका गाडीले जाते," ती म्हणाली. "मले इचारा दिवसाच्या किती जातेत. गाडी बेटावरून वढून राह्यले तवा गाडीवान अठीच जेवते. काल एक्केचाळीस जेवले. तुमची नवी नाव किती नेईन?"

मी मनात हिशेब केला. जाऊन-येऊन धरले तर आकडा वीस-बावीसच्या पुढे जाईना.

ज्यांचे हे काम नाही त्यांच्यासाठी थोडे सोपे करून सांगतो. एखादी गाडी नदी ओलांडायला किती वेळ घेते हा एक प्रश्न. दिवसभरात किती गाड्या ओलांडतात हा दुसरा. घाट बांधायचा असतो तो दुसऱ्या प्रश्नासाठी. बेटावर एक गाडी मोठ्या धारेत असताना दुसरी वाळूवरून ओढली जात असे आणि तिसरी धाकट्या धारेत. प्रत्येक ठिकाणी वेगळी माणसे. विहिरीतून पाणी काढताना माणसांची रांग करून घागरी हातोहात देतात, तसे. एकेक घागर उशिरा पोचते, पण हौद लवकर भरतो. मी एक घागर धरून तिच्यामागे चाललो होतो.

पुढचे चार दिवस मी घड्याळ घेऊन बसलो. दोन दिवस बेटावर, दोन दिवस सपाट नावेवर. नावेवर बैलांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या. तरी त्यांना चढवायलाच खूप वेळ जाई, आणि नाव दर खेपेला रिकामी परत यायची ती वेगळीच. सपाट नावेने पहिल्या दिवशी अठरा गाड्या नेल्या, दुसऱ्या दिवशी एकोणीस. बेटावरून एक्केचाळीस आणि एकोणचाळीस. दोन्ही दिवशी बाईचा जेवणाऱ्यांचा आकडा माझ्या वहीशी तंतोतंत जुळला.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. अक्षर यथातथाच आले.

साहेब घोड्यावरून आला. दोन्ही रिपोर्ट त्याच्या हातात होते. त्याचे मराठी चांगले होते, रागावला की हिंदुस्थानीवर जाई.

"हा रिपोर्ट कोणाचा?"

"माझा, साहेब."

"आणि हा?"

"तोही माझाच."

"दोनों में से झूठा कौनसा?"

"खोटा एकही नाही. पहिला चुकीचा आहे."

त्याने मला बरेच ऐकवले. ते इथे लिहीत नाही. मग तो मुद्द्यावर आला. साहेब तापट असला तरी कच्चा नव्हता. म्हणाला, ठीक आहे, बैल सोडून पोहत न्यायचे. मग तीच रीत खालच्या घाटावर करू. बेट कशाला हवे?

"तिथे पाट रुंद आहे, साहेब. ओढ जास्त. बैल वाहत मैलभर खाली लागतील. इथे बेटावर ते दम खातात. आणि गाड्या ओढायला माणसे लागतात. तिथे वस्ती नाही."

"गाव उचलून तिकडे नेऊ."

"गाव नेता येईल. समाधी नेता येणार नाही. कापसाचे दिवस सरले की वर्षभर हे लोक यात्रेवर जगतात. तिकडे नेले तर उन्हाळ्यातच गाव मोडेल, आणि पुढच्या हंगामाला तुम्हाला नाव धरायला माणूस मिळणार नाही."

साहेबाने खिशातले घड्याळ काढले. मग म्हणाला, "उद्या सूर्य उगवल्यापासून दुपारी बारापर्यंत. वीस गाड्या मला पलीकडे दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर पहिला रिपोर्ट मंजूर."

वीस म्हणजे जरा कसून काम केले की होणारे होते. गणोजी हात गळ्यात अडकवून दक्षिण काठावर बसला आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागला. गाव सगळे कामाला लागले. पहिल्या दोन गाड्या मोठी धार झपाट्याने ओलांडून आल्या. आणि मग दक्षिण काठावर पहिली गाडी उतरली ती आसापर्यंत चिखलात गेली.

पाऊस थांबून पाच दिवस झाले होते. एका रात्रीत धाकट्या धारेचे पाणी हातभर उतरले होते. नाव पूर्वीच्या जागी काठाला लागेना. नाव आणि घट्ट जमीन यांच्यामध्ये दहा हात काळ्या मातीचा चिखल उघडा पडला. नदीकडे उतरणाऱ्या वाटेला आम्ही अप्रोच म्हणतो. घाट कितीही चांगला असो, अप्रोच गेला की घाट गेला. आणि वऱ्हाडची काळी माती ओली असली की चाक सोडत नाही. वीस माणसे त्या गाडीला लागली. पाऊण तास गेला. मागे बेटावर सहा गाड्या तुंबल्या. साहेब काठावर खुर्ची टाकून बसला होता. घड्याळ त्याने मांडीवर उघडे ठेवले होते.

चंद्रभागा बेटावरून हे पाहत होती. ती वळली आणि घरामागे गेली. परत आली ती डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन. कापूस वेचून झाला की झाडाच्या ज्या वाळक्या काड्या उरतात त्या पऱ्हाट्या. वऱ्हाडात चूल त्यांच्यावरच चालते. तिने भारा नावेत टाकला, पलीकडे आली आणि चिखलात आडव्या काड्या पसरायला लागली.

"पाहून काय राह्यल्या गं," ती बेटावरच्या बायांना ओरडली. "आना आपापल्या घरच्या."

बायांनी आणल्या. नव्या, जुन्या, वर्षभर पुरवायच्या म्हणून रचून ठेवलेल्या गंजीच्या गंजी. खाली आडव्या, वर उभ्या, पुन्हा आडव्या. गुडघाभर जाडीचा गालिचा झाला. त्यावर रहीमखाँने पहिली गाडी स्वतः खांदा लावून चढवली. काड्या कडकडल्या, दबल्या, पण चाक वरच राहिले. मग त्याने आपल्या सगळ्या गाडीवानांना हाक दिली.

"बैठे क्या हो? उतरा सगळे. हे लोक आपल्या चुली टाकून राह्यले इथं."

त्यानंतर गाड्या थांबल्या नाहीत. मी वहीत रेघा ओढत होतो आणि साहेबाच्या घड्याळाकडे बघायचे टाळत होतो. बारा वाजले तेव्हा साहेब उठला.

"कितने?"

मला वीस म्हणायचा मोह झाला नाही असे मी म्हणणार नाही. एक पाण्यात होती, दोन बेटाच्या कडेला. ओढूनताणून जमले असते.

"सतरा," मी म्हणालो.

"वीस सांगितले होते."

"होय साहेब. सतराच झाल्या."

गणोजी खाली मान घालून बसला होता. त्याने आकडा ऐकला होता. साहेबाने माझी वही घेतली. प्रत्येक रेघेपुढे मी वेळ लिहिली होती. त्याने पाने उलटली, पेन्सिलीने काहीतरी बेरीज केली.

"पऱ्हाट्या टाकल्यावर शेवटच्या तासात सहा," तो म्हणाला. "हा अप्रोच सकाळीच असता तर?"

"तेवीस-चोवीस झाल्या असत्या."

"मग वीस माझी चूक होती. मी अप्रोच पाहिलाच नव्हता." त्याने वही परत दिली. "घाट इथेच राहील. अप्रोचसाठी पऱ्हाट्या सरकारने पुरवायच्या. तसे लिहून आणा, मी सही करतो."

गणोजीला मी हे नीट समजावून सांगितले. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तो रडला, अगदी उघड, आणि मीही रडायच्याच बेतात होतो. त्या दिवशी बेटावर कोणालाच भाकर मिळाली नाही. चंद्रभागा म्हणाली, "चूल पेटवाले काडी नाई ठेवली मी." आम्ही सगळ्यांनी, साहेबासकट, फुटाणे आणि गूळ खाल्ला. दुसऱ्या दिवशी रहीमखाँच्या दोन गाड्या आल्या. रुई नव्हती, पऱ्हाट्या होत्या, प्रत्येक घरासाठी.

सपाट नाव आम्ही ओढून बेटावर आणली आणि जत्रेच्या माणसांसाठी ठेवली. माणसे बैलांसारखी बिचकत नाहीत आणि बसायला जागा असली की जास्त येतात. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापसाची धावाधाव ओसरली, आणि आगगाडी आल्यावर बऱ्याच गाड्यांचा रस्ताच बदलला. नांदबेटाला त्याने फारसा धक्का लागला नाही. घाट सरकारी यादीत कायम होता, अप्रोच दरसाल होत होता, आणि यात्रा वाढतच गेली. चंद्रभागेच्या दुकानाची दोन दुकाने झाली.

माझा पहिला रिपोर्ट साहेबाने फाडला नाही. दुसऱ्याच्या खाली टाचून फाइलीत ठेवला. मी पेन्शनीत निघालो तोवर अमरावतीच्या ऑफिसात नवा ओव्हरसियर भरती झाला की त्याला ती फाइल वाचायला देत, आणि मग मला बोलावून विचारत की यातली चूक याला तुम्ही समजावता का. मी समजावत असे. चार दिवस घाटावर बसून मोजा, मग लिहा. चार दिवस मिळत नसतील तर साहेबाला तसे लिहून कळवा. सुरेख अक्षराची घाई करू नका.